वाचलंय, तपासलं नाही

अन्याय झाला तो आठवी ब मधल्या एका मुलीवर. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला. ठिकाण नाशिक, सातपूर भागातली एक मराठी शाळा, खिडकीकडची रांग, तिसरा बाक. मी त्या वर्गात मागे कपाटाला टेकून उभी होते. कोणी कोणाला मारलं नाही. कोणी शिवी दिली नाही. सगळे नियमाप्रमाणे वागले. म्हणूनच लिहायला बसले आहे.

नावं लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

आधी माझं सांगते, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहीत आले. बसपास, वसतिगृह, परीक्षा फी, शिक्षक भरती. सीबीएसच्या, म्हणजे आमच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या, फलाटावर उभं राहून वाटायची. माणसं घडी न उघडता पत्रक खिशात घालतात, पुढच्या खांबाजवळ टाकतात, हे मला चांगलं माहीत आहे. बीएड झालं, पण भरती होईना, म्हणून या शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला लागले. तासिका म्हणजे तास घेतला तर मानधन, नाही घेतला तर घरी. शाळेत मराठीच्या मुख्य शिक्षिका होत्या त्या बाई. मुलं त्यांना नुसतं बाई म्हणायची, जणू बाकीच्या कोणी बाई नव्हत्याच. मला त्या 'पत्रकवाली' म्हणायच्या.

बाईंची निवृत्ती जवळ आली होती. त्यांच्याकडे पाच तुकड्या. एकेका तुकडीत साठाच्या आसपास पोरं. प्रत्येक पोराची वर्गपाठाची वही, गृहपाठाची वही, निबंधाची वही. हिशोब तुम्हीच करा, मी थकले. बाई स्कूटीच्या पायापाशी बारदानाच्या पिशवीत वह्या घालून घरी न्यायच्या आणि सकाळी तशाच परत आणायच्या. आमच्याकडे नियम असा की प्रत्येक पानावर लाल शाई दिसली पाहिजे. बरोबरची खूण, तारीख, सही आणि पानाच्या शेवटी एक शब्द: पाहिले. वर्षातून एकदा तपासणी होते, तेव्हा वह्या उघडून लाल शाई बघतात. निळ्या शाईत काय लिहिलंय ते कोणी बघत नाही. निळी शाई पोरांची असते.

आता हे चक्र कसं चालतं ते बघा. इतक्या वह्या वाचणं माणसाच्या हातून होत नाही. म्हणून शिक्षक निबंध फळ्यावर लिहून देतात. सगळ्यांनी एकच निबंध उतरवला की वाचायची गरज उरत नाही, नुसत्या खुणा करत सुटायचं. म्हणजे पोरांनी स्वतःचं लिहू नये, याची सोय तपासणीनेच करून ठेवलेली आहे. 'माझी आई' या निबंधात आठवी ब च्या सगळ्या आया पहाटे सर्वांच्या आधी उठायच्या. वर्गातल्या एका मुलाची आई अंबडला कंपनीत रात्रपाळी करायची. ती पहाटे घरी येऊन झोपायची. त्याच्याही वहीत ती पहाटे उठायचीच. खाली लाल शाईत पाहिले.

हे किती दिवस चाललं असतं सांगता येत नाही. एका चुकीने ते थांबलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि जुलैच्या आत पहिल्या निबंधाच्या वह्या आल्या. शिक्षकांच्या खोलीत मी बाईंना मदत करत होते. त्या खूण करणार, मी वही मिटून गठ्ठ्यावर ठेवणार. एक वही मिटता मिटता माझी नजर पडली. मी मोठ्याने वाचलं, "माझी आई सर्वांच्या आधी उठते आणि पाहिले सर्वांच्या नंतर झोपते."

"काय पाहिलं?" बाई म्हणाल्या.

"पाहिले, बाई. वाक्याच्या मधोमध आहे."

त्यांनी वही ओढून घेतली. मग आमच्या लक्षात आलं. फळ्यावरचा चुकला म्हणून त्या पोराने मोठ्या बहिणीची जुनी वही समोर ठेवून निबंध उतरवला होता. बहिणीचं पान जिथे संपलं होतं, तिथे बाईंनी कधीकाळी लाल शाईत 'पाहिले' लिहिलं होतं. पोराने तेही उतरवलं. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात. आणि त्याच पानाच्या तळाशी, आत्ताच, शाई ओली असताना, बाईंनी पुन्हा लिहिलं होतं: पाहिले.

बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून पदराने डोळे पुसावे लागले. समोरचे पीटीचे सर म्हणाले, "मॅडम, आम्हाला पण सांगा." बाईंनी सांगितलं, तेही हसले. मग बाईंनी ती वही परत पुढ्यात घेतली.

"म्हणजे बघ," त्या म्हणाल्या, "मी माझंच पाहिलेलं, न पाहता पाहिलं."

त्या दिवशी उरलेल्या वह्यांवर त्यांनी खुणा केल्या नाहीत. पिशवी तिथेच टेबलाखाली ठेवून गेल्या.

दोन दिवसांनी त्यांनी मला त्यांचा बेत सांगितला. पोरांनी एक वेगळी वही करायची. तिचं नाव 'न तपासायची वही'. तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं काहीही लिहायचं. फक्त हात थांबवायचा नाही. बाई त्यातलं काही तपासणार नाहीत, लाल पेन त्या वहीला लागणार नाही. शनिवारी प्रत्येकाने स्वतःचं एक पान निवडायचं आणि त्याचा कोपरा दुमडायचा. ते पान शेजाऱ्याने वाचायचं आणि खाली पेन्सिलीने एक प्रश्न लिहायचा. बाई दर आठवड्याला एकाच रांगेची दुमडलेली पानं वाचणार. त्याही शेवटी एक प्रश्न लिहिणार, पेन्सिलीने.

"साठांनी लिहायचं," बाई म्हणाल्या, "आणि मी दहाच वाचायचे. पण वाचायचे."

माझं डोकं पत्रकात घडलेलं. मी म्हटलं, "बाई, ही पळवाट झाली. वर्गातली पटसंख्या कमी करा, शिक्षक भरा, अशी मागणी करायला हवी."

"कर की. मी सही करते. मागणी मंजूर होईपर्यंत उद्या दुसऱ्या तासाला काय करू, तेवढं सांग."

दुसऱ्या दिवशी माझा तास नव्हता, तेव्हा मी त्यांच्या वर्गात मागे जाऊन उभी राहिले. पुढेही जमेल तेव्हा जात राहिले.

पहिले काही दिवस वर्गात नुसता गोंधळ. कोणी गाणी लिहिली, कोणी क्रिकेटचा संघ निवडला, एकाने पानभर शेजाऱ्याला शिव्या लिहिल्या आणि शनिवारी त्याच शेजाऱ्याने ते पान वाचलं. बाई स्वतःही लिहायच्या. टेबलावर वाकून, पोरांसारख्याच. पहिल्या दिवशी त्यांनी काय लिहिलं ते वाचून दाखवलं: गुडघा दुखतोय आणि कोणाच्या तरी डब्यातून वांग्याच्या भाजीचा वास येतोय. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ते माझं." वर्ग हसला. मग लिहिणं सुरू झालं.

कोपरा दुमडण्याला पोरांनीच नाव पाडलं. पानाचा कान पिळायचा. "बाई, मी पिळला कान." "माझा पिळू नकोस म्हणजे झालं," बाई म्हणायच्या. सुरुवातीला शेजारी नुसतं 'छान' लिहायचे. बाईंनी वर्गात 'छान' या शब्दावर बंदी घातली. "ज्याचं उत्तर तुला खरंच माहीत नाही, तोच प्रश्न विचार. उगाच छान छान नको. ते मीच इतकी वर्षं केलं." मग एकाने लिहिलं, तू अंघोळ का करत नाहीस? बाई म्हणाल्या, हाही खरा प्रश्न आहे, उत्तर दे. त्याने पुढच्या आठवड्यात दीड पान उत्तर दिलं. त्यांच्या वस्तीत नळाला पाणी कधी येतं, आधी कोणाचा नंबर लागतो आणि शेवटी त्याच्या वाट्याला बादलीत किती उरतं. त्या पोराने त्याआधी स्वतःच्या मनाने दीड ओळही लिहिली नव्हती.

आणखी एक होता, चाचणी घेणारा. त्याने लिहिलं, बाई खरंच तपासत नाहीत का बघतो, बाई तुमच्या स्कूटीचा इंडिकेटर बंदच होत नाही, सगळी शाळा हसते. त्याची रांग यायला वेळ होता. तोवर तो खूष. रांग आली तेव्हा बाईंनी खाली लिहिलं, मग आधी का नाही सांगितलंस? तो पोरगा ते पान सगळ्यांना दाखवत फिरला. बाईंनी वाचलं, बाईंनी वाचलं. जसं काही बक्षीस लागलंय.

बारदानाची पिशवी हलकी झाली. बाई संध्याकाळी देवळात जायला लागल्या, असं त्याच म्हणाल्या, जरा लाजून. माझ्याकडे सातवी होती, मीही तेच सुरू केलं. हे सगळं मी आत्ता लिहितेय ते मला चांगलं वाटलं होतं म्हणून. तेव्हा वाटलं होतं. आता काय वाटतं ते विचारू नका, काही वाटत नाही.

आता ती मुलगी.

ती हरसूलकडची. आईबाप दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागेत कामाला, तिथेच राहतात. हिला शाळेसाठी मामाकडे ठेवलेली, सातपूरला. मामा टेम्पो चालवतो. वर्गात ती एकच वाक्य बोलायची, "मला नाय येत." हे वाक्य ती इतक्या शांतपणे म्हणायची की पुढे कोणी काही विचारायचं नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायची ते मात्र देखणं. अक्षर ओळीला बांधल्यासारखं.

न तपासायच्या वहीत पहिल्या आठवड्यात तिने लिहिलं, मला काय सुचत नाय. मला काय सुचत नाय. पानभर. आणि शनिवारी त्याच पानाचा कान पिळला. तिच्या शेजारी बसायची एक बडबडी मुलगी, वर्गाची आकाशवाणी. तिने खाली पेन्सिलीने लिहिलं, सुचलं असतं तर काय लिहिलं असतं?

मी तो प्रश्न पाहिला तेव्हा मला वाटलं, मी बीएडला दोन वर्षं घालवली ती कशासाठी.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीने लिहिलं की बागेत द्राक्षाचा मांडव खाली असतो, म्हणून आई दिवसभर वाकून चालते. घरी आली की दारातून पण वाकून आत येते. आमचं दार उंच हाय. एवढंच. चार ओळी. खाली आकाशवाणीचा प्रश्न, मग तू पण वाकते का? त्याचं उत्तर एक पान. त्या उत्तराला प्रश्न. त्याला उत्तर. त्यांची रांग आली तेव्हा बाईंनी ती पानं वाचली आणि मला बोलावून वाचायला दिली. बाईंनी खाली विचारलं होतं, आईला हे वाचून दाखवलंस का?

दिवाळीच्या सुट्टीत ती आईबापाकडे बागेत गेली. बाईंनी सुट्टीचा अभ्यास दिला नव्हता. ती परत आली तेव्हा न तपासायची वही संपत आली होती. कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी प्रश्न विचारला होता, तेवढंच. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे गेलं ते हे, कोणी न सांगता लिहिणं.

त्याच सुट्टीत दुसरीकडे वेगळं चाललं होतं. एका पालकाने घरी आवराआवर करताना मुलाची वही उघडली. चाळली. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पानांचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "जूनपासून एक टिक नाही. शिकवतात का झोपतात?" पुढे हात जोडल्याची चित्रं. आणखी पालकांनी वह्या उघडल्या. आमच्या पण वहीत नाही. आमच्या पण. एकानेही पानावर काय लिहिलंय ते लिहिलं नाही. फोटोत ते स्पष्ट दिसत होतं. फिरत फिरत तो माझ्या फोनवर आला तेव्हा मी मोठं करून वाचलं. त्यांच्याच पोराने लिहिलं होतं की पप्पा कंपनीतून आले की आधी गाडीत बसून राहतात, वर येत नाहीत, मी गॅलरीतून बघतो. त्यांनी त्या पानाचा फोटो काढला आणि लाल शाई शोधली.

सुट्टीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी मुख्याध्यापक सर वर्गात आले. त्यांच्यावरही वरून तपासणी यायची होती. सर वाईट माणूस नाहीत. हे लिहायला मला आवडत नाही, पण खरं आहे. शाळेचे संडास त्यांनी स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतलेले आहेत. त्यांनी वह्या मागितल्या. बाईंनी दिल्या. त्यांनी गठ्ठ्यातून एक उचलली, सगळ्यात जाड झालेली, कारण तिच्या पानांचे कोपरे फार दुमडलेले होते.

"ही कोणाची?"

ती उभी राहिली.

सरांनी पानं उलटली. "मॅडम, लाल शाई कुठंय?"

"त्या वहीत नसते, सर. सांगितलं होतं तुम्हाला जूनमध्ये."

"तुम्ही उपक्रम म्हणालात. उपक्रमाला काय तपासत नाहीत? हे बघा." त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि उभ्या उभ्या, वही हातावर धरून, 'नाय'ला गोल केला. पुढच्या 'नाय'ला केला. 'हाय'ला केला. मग म्हणाले, ऐका रे सगळे, आणि वाचायला लागले.

ते पान सुट्टीतलं होतं. डिपिंगबद्दल. द्राक्षाचे घड औषधाच्या मगात बुडवून काढतात, त्याला बागेत डिपिंग म्हणतात. तिने लिहिलं होतं, घड मगात बुडवायचा, मनात एक म्हणायचं, सोडायचा. पुढचा घड. एक. आई दिवसभर फक्त एक मोजते. दोन म्हणायचं नाय.

सर तिथे थांबले. "दोन म्हणायचं नाय. नाय नाही, नाही." मग त्यांनाच ते नीट वाटलं नाही, म्हणून परत म्हणाले, "नाय नाही लिहायचं. नाही लिहायचं."

आणि वर्ग हसला.

मी मागे उभी होते, मला दिसत होतं. पोरं सरांच्या 'नाय नाही नाही'ला हसत होती. त्या शब्दांचा जो गुंता झाला त्याला. आठवीतली पोरं कशालाही हसतात. पण ती पुढे तोंड करून उभी होती. तिच्या पाठीमागे सगळा वर्ग होता आणि समोर तिची वही. तिला फक्त हसणं ऐकू आलं.

"हे कोणी तपासलं?" सरांनी विचारलं.

"मी वाचलंय, सर," बाई म्हणाल्या. "तपासलं नाही."

"वाचलंय काय, मी पण पेपर वाचतो रोज. तुम्हाला तपासायला ठेवलंय."

बाईंनी हात पुढे केला, वही परत द्या म्हणून. सरांनी आधी पानाच्या खाली लिहिलं, 'नाही' शंभर वेळा लिहून आणणे. सही. तारीख. मग वही दिली. घंटा झाली. पोरं डबे घेऊन बाहेर पळाली.

एवढंच झालं. मी आधीच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंना लेखी खुलासा मागितला आणि शुक्रवारपर्यंत सगळ्या वह्या 'पूर्ण' करायला सांगितलं. पूर्ण म्हणजे प्रत्येक पानावर लाल. बाईंनी खुलासा दिला. मग बारदानाची पिशवी काढली. शिक्षकांच्या खोलीत बसून त्या न तपासायच्या वह्यांवर खुणा करत गेल्या. मी गठ्ठे रचत होते. त्या पान न बघता उलटत होत्या, नजर खिडकीकडे, हात आपोआप चालत होता. मी म्हटलं, "बाई, निदान बघून तरी."

"वाचलं की हा पेन चालत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून वाचत नाही. रच तू."

त्या मुलीच्या वहीवरही झालं. 'मला काय सुचत नाय'च्या पानावर पाहिले. डिपिंगच्या पानावर सरांचं होतंच. उंच दाराच्या पानावर पाहिले.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मला ते येतं. 'लाल शाईच्या हुकूमशाहीचा जाहीर धिक्कार.' मजकूर जोरदार होता. बाईंना दाखवायला त्यांच्या घरी गेले. त्यांनी उभं राहूनच वाचलं, मग खुर्चीत बसून परत वाचलं.

"माझं नाव काढ."

"बाई, तुमचं नाव नसेल तर पत्रकाला वजन काय?"

"माझं काढ, आणि तिचं तर काढच. आधी वर्ग हसला, आता सीबीएसवर लोक तिच्या नावाची पुडी करणार का?" त्यांनी कागद परत दिला. "आणि 'धिक्कार' पण काढ. 'जाहीर' पण."

"का?"

"हे शब्द कोणी वाचतं का? तुमचे पण 'पाहिले'च की गं. दिसला धिक्कार, केली टिक, गेले पुढे."

मी चहा न घेता निघाले. रागाने नाही. रस्त्यात त्र्यंबक रोडला सिग्नलवर थांबले होते, तेव्हा पत्रक मनात परत वाचलं. धिक्कार, निषेध, हुकूमशाही, जाहीर. त्यात त्या मुलीच्या आईचं उंच दार कुठेच नव्हतं. ते पत्रक मी छापलं नाही. त्याऐवजी हे लिहिलं, जे तुम्ही वाचताय. नावं का नाहीत, ते कळलं असेल.

मग पुढे काय झालं विचाराल. मुलीने 'नाही' शंभर वेळा लिहून आणलं. देखण्या अक्षरात, रकाने पाडून. सरांनी 'उत्तम' लिहिलं. मधल्या सुट्टीत मी तिला बाकावर एकटी बसलेली पाहिली. ती न तपासायच्या वहीचे दुमडलेले कोपरे एकेक करून सरळ करत होती. नखाने दाबून, मग वर कंपासपेटी ठेवून. मी जवळ गेले.

"काय करतेस गं?"

"वही नीट करते."

"वर्ग तुला नव्हता हसला. सरांच्या बोलण्याला हसला. नाय नाही नाही, त्याला."

तिने मान हलवली. हो म्हणून. मोठ्या माणसाला बरं वाटावं म्हणून पोरं हलवतात तशी. "मला नाही येत, मॅडम," ती म्हणाली.

नाही. तिने 'नाही' म्हटलं. ती सुधारली होती.

तपासणीआधीच्या निबंधाला विषय परत 'माझी आई'. फळ्यावर दिलेला तोच. तिने उतरवला. माझी आई सर्वांच्या आधी उठते. एकही चूक नाही, एकही 'नाय' नाही. सरांनी तपासणीच्या दिवशी ती वही वर ठेवली. वरून आलेल्या साहेबांनी पानं चाळली, लाल शाई बघितली, समाधान व्यक्त केलं. मी तिथेच होते. मला राग यायला पाहिजे होता. मी रागावण्याचंच काम करते. पण दात काढल्यावर जीभ जशी त्या जागेवर फिरते आणि काही लागत नाही, तसं झालं होतं.

बाईंनी हार मानली नाही, असं म्हणायला आवडलं असतं. त्यांनी काय केलं तेवढं सांगते. दहा मिनिटं परत सुरू केली, पण सुट्या कागदावर. सुट्या कागदाला वही म्हणत नाहीत, आणि तपासणीच्या नियमात फक्त वह्या आहेत. पोरं लिहितात. कान पिळतात. बादलीवाला लिहितो, इंडिकेटरवाला लिहितो, गॅलरीतून पप्पांना बघणारा सगळ्यात जास्त लिहितो. बाई दर आठवड्याला एक रांग वाचतात. पिशवीत आता दोन्ही ओझी असतात, खरं आणि दाखवायचं.

खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावरचा कागद कोराच येतो. ती पेन हातात धरून बसते, दहा मिनिटं, कोणाला त्रास न देता. शनिवारी कोऱ्या कागदाचा कोपरा दुमडून शेजारणीकडे सरकवते, कारण नियम आहे. तिची ती आकाशवाणी, जी एरवी एक मिनिट गप्प बसत नाही, तो कोरा कागद समोर घेऊन बराच वेळ बसते आणि खाली पेन्सिलीने दर वेळी तेच लिहिते: मग दोन कधी म्हणायचं?

उत्तर अजून आलेलं नाही. येईल का, माहीत नाही. मार्चपर्यंत ती या वर्गात आहे. पुढे मामा ठेवून घेईल की बागेत जाईल, तेही माहीत नाही.

आता तुमच्याशी बोलते. तुम्ही, ज्यांनी ग्रुपवर तो फोटो टाकला किंवा त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकलं, किंवा जे दुसऱ्या कुठल्या गावातल्या दुसऱ्या ग्रुपवर टाकाल. आज घरी गेलात की पोराची वही मागा. लाल शाई शोधू नका. त्याने स्वतःच्या मनाने लिहिलेलं एक पान शोधा आणि वाचा, सगळं, शेवटपर्यंत. असं पान सापडलं नाही तर त्याला दहा मिनिटं द्या आणि शेजारी बसून तुम्हीही लिहा. शुद्धलेखन सुधारू नका. खाली पेन्सिलीने एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही. आणि पुढच्या पालकसभेत उठून उभे राहा, सगळ्यांसमोर, आणि मुख्याध्यापकांना एवढंच सांगा: आमच्या पोराची एक वही तपासू नका. वाचा.